वारापासून खिचडीपर्यंत

गेल्या हिवाळ्यात आमच्यापैकी तिघे एका चर्चासत्राला गेले होते. विषय होता 'दलित आत्मकथनांतील भूक'. महाविद्यालय तालुक्याच्या गावचे, सभागृह नवे, व्यवस्था चोख. बीजभाषण करणारे प्राध्यापक अभ्यासू होते. 'बलुतं', 'उपरा', 'अक्करमाशी' यांतील भुकेचे तपशील त्यांनी ज्या आस्थेने उलगडून दाखवले, ती आस्था खोटी होती असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. दुपारी हातात ताट घेऊन उभे असताना बोलणे मराठी शाळांच्या अवस्थेकडे वळले आणि हेच गृहस्थ म्हणाले, "अहो, शाळा कसल्या, खिचडीची केंद्रे झाली आहेत. पोरे जेवायला येतात आणि हात धुऊन घरी जातात." भोवतालचे सातआठ प्राध्यापक हसले. खरे सांगायचे तर आमच्यातला एक जणही हसला. त्या हसण्याचा हिशेब देणे आम्हाला आवश्यक वाटते.

'खिचडी शाळा' हा शब्द आता इतका रुळला आहे की त्यातला उपहास कानाला जाणवतही नाही. त्यामागचा युक्तिवाद मात्र नीट मांडून घेतला पाहिजे, कारण तो केवळ तुच्छतेतून आलेला नाही. शाळा ही ज्ञानाची जागा, पोट भरणे हे घराचे काम. सरकारने आईबापांच्या हाताला काम द्यावे, म्हणजे मुलांच्या ताटाची काळजी ते घेतील. शिक्षकाला तांदळाची पोती मोजायला लावले तर तो शिकवणार कधी. आणि शेवटी, फुकट मिळणाऱ्या अन्नाने मुलाला लाचारीची सवय लागते. यातल्या तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, त्याकडे आम्ही येऊच. पण पहिला मुद्दा, म्हणजे शिकणे आणि जेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हा, मराठी माणसाने मांडावा याचे आम्हाला नवल वाटते.

कारण महाराष्ट्रात शिक्षण कधीही उपाशीपोटी झालेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आणि विसाव्याच्या पूर्वार्धातली मराठी आत्मचरित्रे उघडून पाहावीत. कोकणातून, देशावरच्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवतो. ज्या वाराला घर मिळत नाही त्या दिवशी माधुकरी मागतो, नाहीतर पाणी पिऊन झोपतो. 'वार लावून शिकलो' हे वाक्य आपल्याकडे अभिमानाने लिहिले जाते आणि आपण ते आदराने वाचतो. लाचारीची सवय लागली असे त्या पिढीविषयी कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. उलट त्यातूनच न्यायाधीश, संपादक, गणिती घडले असे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. चर्चासत्रात हसलेल्या आमच्या मित्राचे आजोबा वार लावूनच शिकले होते. परतीच्या गाडीत त्याला ते आठवले आणि मग बराच वेळ तो काही बोलला नाही.

वाराची पद्धत म्हणजे समाजाने चालवलेली शालेय पोषण आहाराची योजनाच होती. तिच्यात दोन उणिवा होत्या. ती एका जातीपुरती होती, आणि ती देणाऱ्याच्या मर्जीवर होती. वाराच्या घरी कोणत्या पंगतीत बसवतील, ताजे वाढतील की शिळे, हे सगळे यजमानीणबाईंच्या स्वभावावर. (या अपमानाच्या नोंदीही त्याच आत्मचरित्रांत आहेत, त्या आपण जरा भराभर वाचतो इतकेच.) पहिली उणीव ज्यांनी ओळखली त्यांनी बोर्डिंगे काढली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांना हात घातला तो काही वास्तुकलेच्या हौसेने नव्हे. खेड्यातल्या मुलाला शाळेत नाव घालून भागत नाही, त्याच्या राहण्याजेवण्याची सोय लागते, हे त्यांनी जाणले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात, १९२४ पासून, निरनिराळ्या जातींची मुले एका चुलीवरचे जेवत होती. तिथले धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले ही गोष्ट रयतच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असते. या गोष्टीवर दरवर्षी जयंतीला डोळे ओले करणारे लोक वर्षभर खिचडीवर विनोद करतात, याला काय म्हणावे?

दुसऱ्या उणिवेकडे, म्हणजे मर्जीकडे, यायला पुष्कळ वर्षे लागली. मद्रास महापालिकेने १९२० साली थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत मुलांना जेवण देण्याचा ठराव केला, मुलामागे रोज एक आण्याच्या मर्यादेत. कामराजांनी १९५६ मध्ये ती कल्पना राज्यभर नेली, एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये तिचा विस्तार केला. केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ ला देशव्यापी योजना सुरू केली खरी, पण बहुतेक राज्यांनी शिजवलेले अन्न न देता महिन्याला मुलामागे ३ किलो धान्य वाटण्यावर भागवले. महाराष्ट्रातही तेच. तांदळाची पिशवी घरी जाई. घरी पाच तोंडे असत. मुलाच्या वाट्याला त्याचा पाचवा हिस्सा येई, आणि मुलीच्या वाट्याला किती येई हे सांगायला नकोच. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या याचिकेत आदेश दिला की किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले जेवण वर्षातून किमान २०० दिवस दिले पाहिजे. तेव्हा कुठे शाळेच्या व्हरांड्यात चूल पेटली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने याच जेवणाला हक्क म्हटले आणि प्राथमिकसाठी ४५० कॅलरी व १२ ग्रॅम, उच्च प्राथमिकसाठी ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने अशी मापे परिशिष्टात घातली.

माधुकरीपासून कायद्याच्या परिशिष्टापर्यंतचा हा प्रवास आम्हाला गेल्या शतकातल्या महत्त्वाच्या सांस्कृतिक घटनांपैकी एक वाटतो. आमच्या वाङ्मयेतिहासांत त्याला एक ओळही नाही. साठोत्तरी साहित्यावर लिहिताना आपण लघुनियतकालिकांची मोजदाद करतो. २००१ नंतर जी मुले शाळेत जेवली आणि मग आमच्या बी.ए.च्या वर्गात येऊन बसली, त्यांच्यामुळे मराठीचा वाचक कसा बदलला याचा विचार कोणी केला आहे काय?

आता 'डबा' या पवित्र वस्तूकडे वळू. शाळेने जेवू घालू नये असे म्हणणाऱ्यांच्या मनात नेहमी एक चित्र असते. सकाळी सहाला उठलेली आई, पोळीभाजीचा डबा, कडेला लोणच्याची फोड, वर एखादी वडी. चित्र सुंदर आहे. आम्हीही असलेच डबे खाऊन वाढलो. पण हे चित्र एका विशिष्ट घराचे आहे. त्यात सकाळी घरी असणारी आई गृहीत धरली आहे, गॅस गृहीत धरला आहे, आणि भाजी आणण्याइतके पैसे महिनाअखेरीसही असतात हे गृहीत धरले आहे. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या चारपाच महिने परत येत नाहीत. मागे राहिलेले मूल आजीजवळ असते. आजीला दिसत नाही, चूल एकदाच पेटते. त्या मुलाच्या बाबतीत 'आईच्या हातची चव' या विषयावर निबंध लिहायला सांगणारे आपणच, आणि शाळेने दिलेल्या वाटीभर आमटीभाताला नाक मुरडणारेही आपणच.

आमच्यापैकी एकीच्या वर्गातला प्रसंग. द्वितीय वर्षाला आत्मकथन शिकवताना शाळेच्या आठवणी निघाल्या. मागच्या बाकावरची, वर्षभरात एकदाही न बोललेली मुलगी म्हणाली, "मॅडम, शनिवारी सकाळची शाळा असायची. खिचडी लवकर व्हायची. मग रविवारी दुपारपर्यंत काही नाही. म्हणून मी शनिवारी दोनदा घ्यायचे." वर्गात कोणी हसले नाही. मॅडमना त्या आठवड्यात पुढचे काही शिकवता आले नाही असे त्या सांगतात. 'हात धुऊन घरी जातात' या वाक्याचे उत्तर आम्हाला यापेक्षा चांगले देता येणार नाही.

इथे कोणी म्हणेल, हे झाले खेड्यातले, गरिबांचे. शहरातल्या शाळांचा प्रश्न निराळा, तिथे उपाहारगृहे आहेत, आणि तिथे मुले कमी खात नाहीत, भलतेच खातात. मान्य. पण गंमत पाहावी ती 'पौष्टिक' या एका शब्दाची. शहरातल्या शाळेत पौष्टिक याचा अर्थ वजाबाकी असा होतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत बेरीज. एकीकडे तेल, साखर, मैदा काढा, दुसरीकडे डाळ, भाजी, अंडे घाला. यातल्या वजाबाकीवर आपल्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्या ओसंडून वाहतात, बेरजेवर चार ओळीही येत नाहीत. मे २०१७ मध्ये राज्य शासनाने शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, पाणीपुरी, गुलाबजाम वगैरे पदार्थ हद्दपार करण्याचा निर्णय घेतला. त्या यादीत पिझ्झा आणि गुलाबजाम शेजारी शेजारी बसलेले पाहून आम्हाला क्षणभर समतेचा भास झाला. असो. २०२० मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभरासाठी नियम केले. साखर, मीठ आणि चरबी जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, त्यांची जाहिरातही करू नये.

नियम चांगले आहेत, आमचा त्यांना पाठिंबाच आहे. पण उपाहारगृहाचा ठेका जो जास्त भाडे देईल त्याला, हा व्यवहार जोवर शिल्लक आहे तोवर ठेकेदार उसळ का विकेल? वेफरचे पाकीट महिनाभर टिकते, मटकीची उसळ दुपारी आंबते. पाकीट फोडायला माणूस लागत नाही, उसळीला मोड आणणारा, फोडणी घालणारा, भांडी घासणारा लागतो. भाड्याची रक्कम संस्थेच्या खात्यात हवी आणि मुलाच्या ताटात पालेभाजीही हवी, असे दोन्ही एकदम होत नसते. शाळेने यातले एक निवडले पाहिजे. आणि निवडल्यावर मुलांपुढे आहारावर व्याख्यान देऊ नये, एवढीच आमची विनंती. दहा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या इच्छाशक्तीच्या बळावर वडापाव नाकारावा अशी अपेक्षा धरणारे शिक्षक स्वतः मधल्या सुट्टीत काय मागवतात हे मुलांना ठाऊक असते.

आता अंडे. आमच्या मते सगळ्या वादाची कसोटी तिथे आहे.

शासकीय मापाप्रमाणे प्राथमिकच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. कागदावर १२ ग्रॅम प्रथिने भरतात, कारण त्यातली निम्म्याहून अधिक तांदळाच्या खात्यावर मांडलेली असतात. प्रत्यक्षात डाळ पातळ होते, भाजी म्हणजे दोन बटाटे आणि हळद असे होते. १ मे २०२५ पासून धान्य सोडून बाकी सगळ्यासाठी प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे असा दर आहे. एवढ्यात डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन बसवायचे. उकडलेले अंडे मात्र पातळ करता येत नाही. ते कोणी निम्मे चोरू शकत नाही, त्यात खडे निघत नाहीत, आणि त्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. तमिळनाडूने १९८९ पासून अंडी द्यायला सुरुवात केली आणि वाढवत वाढवत आठवड्याला पाचांपर्यंत नेली. कर्नाटकाने डिसेंबर २०२१ मध्ये उत्तरेकडच्या जिल्ह्यांत अंडी सुरू केली, तेव्हा काही मठाधिपतींनी विरोध केला; तरी ती थांबली नाहीत. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यास केळे, असे ठरवले. आठवड्यातून एकदा! तेवढ्यावरही संस्कृती धोक्यात आल्याची ओरड झाली. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने अंड्यांचा निधी थांबवला. वर्षाला सुमारे ५० कोटी रुपयांचा हा खर्च. ज्या शाळांना अंडी द्यायची असतील त्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असे सांगण्यात आले. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत याच राज्यातल्या पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली होती. तीच मुले आता शाळेच्या वर्गांत बसली आहेत.

अंडे न खाणाऱ्या मुलावर ते लादावे असे कोणी म्हणत नव्हते, केळ्याची सोय होतीच. विरोध होता तो दुसऱ्याने खाण्याला, आणि तेही आपल्या मुलाच्या शेजारी बसून खाण्याला. हा विरोध मराठी वाचकाला ओळखीचा वाटायला हवा. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्णांची मुले एकीकडे, महारांची मुले वेगळी बसवलेली. जेवण झाल्यावर उरलेले अन्न गोळा करून या मुलांना दिले जाते. पोर घरी येऊन सांगते तेव्हा आई विचारते, त्यातले थोडे माझ्यासाठी का नाही आणलेस. आणि दुसऱ्या दिवशी गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात. या शेवटच्या तपशिलावर आम्ही वर्गात तासन्‌तास बोलतो. अनुभव आणि प्रमाणभाषेतला निबंध यांच्यातली दरी, वगैरे. पण त्या प्रसंगात आधी शाळेने केलेली एक पंगत आहे. कोणी कुठे बसावे आणि कोणाचे अन्न कोणाच्या अन्नाशेजारी यावे, हे तिथे शाळा ठरवते. 'अन्न हे पूर्णब्रह्म' असे म्हणणाऱ्या संस्कृतीला शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' असे पुस्तकाच्या नावातूनच उत्तर दिले, तेही याच पंगतीतून. अंड्याच्या वादात आपण साहित्याचे अध्यापक गप्प बसलो. ज्यांनी ही पुस्तके अभ्यासक्रमाला लावली, ज्यांनी त्यांवर प्रबंध लिहून बढत्या घेतल्या, त्यांच्यापैकी कितींनी यावर चार ओळी लिहिल्या? आम्हीही तेव्हा लिहिल्या नाहीत. आज लिहितो आहोत ते उशिराच.

राहिला शिक्षकांचा मुद्दा. तो खरा आहे. रोजची पटसंख्या ऑनलाइन भरणे, तांदळाचा साठा, सिलिंडर, भाजीची बिले, तपासणीला येणाऱ्या साहेबांची सरबराई हे शिक्षकाचे काम नव्हे. बिहारमधल्या गंडामन गावात जुलै २०१३ मध्ये शाळेतले विषारी जेवण खाऊन २३ मुले दगावली, तेव्हापासून प्रत्येक मुख्याध्यापकाच्या पोटात रोज दुपारी गोळा येतो, हेही आम्ही जाणतो. पण यावरचा उपाय चूल विझवणे हा नव्हे, चुलीजवळ माणूस नेमणे हा आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईचे मानधन केंद्राने २००९ मध्ये महिना १००० रुपये ठरवले, तेही वर्षातून दहा महिनेच. राज्ये त्यात आपली भर घालतात, तरी ते 'मानधन'च राहते, पगार होत नाही. पन्नास-शंभर मुलांचे रांधणारी, भांडी घासणारी ही बाई शाळेच्या हजेरीपटावर कर्मचारी म्हणून नसते. शिक्षक संघटनांनी 'आम्हाला यातून सोडवा' असे म्हणताना 'आणि हिला यात रीतसर नेमा' असे पुढचे वाक्यही म्हटले असते, तर आम्ही त्यांच्या मोर्चात चाललो असतो.

तर या जुलैत, चर्चासत्राची लाज काही अंशी पुसावी म्हणून, आम्ही पाचसहा जणांनी जवळच्या एका जिल्हा परिषद शाळेला वर्षभराच्या अंड्यांचे पैसे दिले. पट बेचाळीस. मुख्याध्यापकांनी ग्रामसभेत विषय मांडला होता. दोघांनी विरोध केला, बाकीच्यांनी पैसे कोण देणार एवढेच विचारले. पहिल्या बुधवारी आम्ही गेलो. अंडी सोलायला मुलांना वेळ लागला, टरफले ओसरीभर झाली. एका मुलाने पिवळे आधी खाल्ले आणि पांढरे वहीच्या कागदात बांधून खिशात ठेवले. बहिणीसाठी, ती अजून शाळेत येत नाही. निघताना मुख्याध्यापकांनी पावती दिली. पावतीवर छापले होते, 'सहर्ष देणगी'. आम्ही त्यांना म्हणालो, "सर, कायद्यात याला हक्क म्हटले आहे, देणगी कशी?" त्यांनी पावतीपुस्तक मिटले, बाहीने घाम पुसला आणि म्हणाले, "आमच्याकडे हे एकच पुस्तक आहे."